कठड्यालगतचा घोडा

२०२२ च्या केंटकी डर्बीचं आकाशातून घेतलेलं चित्रण मी अजूनही अधूनमधून लावून बघतो. बहुतेकांनी ती शर्यत बाजूच्या कॅमेऱ्यातून पाहिली, आणि बाजूचा कॅमेरा नेहमी पुढच्यांच्या दिमतीला असतो. आघाडीचे चार-पाच घोडे, त्यांच्या जॉकींचे झगमगते कपडे, मागे उडणारी माती आणि त्या मातीत एकमेकांत मिसळून गेलेले बाकीचे. वरच्या कॅमेऱ्याला अशी आवडनिवड नसते. त्यात वीसच्या वीस घोडे सुटे सुटे दिसतात. शेवटच्या वळणावर मैदानाच्या आतल्या कठड्यालगत एक तांबडा घोडा दिसतो. त्याच्यापुढे डझनाहून जास्त घोडे आहेत. अर्ध्या मिनिटात हा घोडा डर्बी जिंकणार आहे हे आपल्याला माहीत असतं, तरी बघताना ते खरं वाटत नाही.

त्याचं नाव रिच स्ट्राइक. भाव ८० ला १, म्हणजे तो जिंकला तर एका डॉलरवर ८० डॉलर नफा.

घोड्यांच्या शर्यतीवर मी आजवर पैसे लावलेले नाहीत, पुढेही लावेन असं वाटत नाही. पण भाव ही गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत हा भाव कोणी जाणकार बसून ठरवत नाही. लोकांनी लावलेले सगळे पैसे एका गल्ल्यात जमा होतात, त्यातून रेसकोर्स आणि सरकार आपला वाटा काढून घेतात, आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. ज्या घोड्यावर कमी पैसे, त्याचा भाव मोठा. म्हणजे शर्यत सुटताना टोटच्या, म्हणजे या गल्ल्याच्या, फलकावर जो आकडा असतो तो हजारो अनोळखी माणसांचं मिळून झालेलं मत असतं, प्रत्येकानं खिशात हात घालून दिलेलं. आधी एक अंदाजी भाव जाहीर होतो, तो मात्र रेसकोर्सचा माणूस काढतो. त्यानं रिच स्ट्राइकला ३० ला १ दिला होता. लोकांनी तो ८० वर नेऊन ठेवला. जाणकाराला जेवढी आशा होती तेवढीही लोकांना नव्हती. विजेता कोण यावर लागलेल्या दर १०० डॉलरमधला जेमतेम एक डॉलर त्याच्यावर होता.

केंटकी डर्बी १८७५ पासून लुइव्हिलच्या चर्चिल डाउन्स या रेसकोर्सवर होते, आता मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी. अंतर सव्वा मैल, म्हणजे १० फर्लांग. धावतात ते फक्त तीन वर्षांचे घोडे. त्यामुळे प्रत्येक घोड्याला आयुष्यात एकदाच संधी मिळते. यंदा हुकली तर पुढच्या वर्षी बघू, ही सोय नाही. २०२२ ची डर्बी १४८ वी होती. त्या सगळ्या वर्षांत रिच स्ट्राइकपेक्षा मोठ्या भावाचा घोडा एकदाच जिंकला होता, १९१३ मध्ये. त्याचं नाव डोनरेल, भाव ९१ ला १. मध्ये १०९ वर्षं गेली.

शर्यत संपल्यावर सगळीकडे एकच शब्द होता: चमत्कार. मला तो तेव्हाही खटकला आणि आता जास्त खटकतो. चमत्कार म्हणून मोकळं झालं की कोणी काय केलं ते बघण्याचे कष्ट वाचतात. त्या दोन मिनिटांत बऱ्याच जणांनी बरंच काही केलं होतं, काहींनी बरोबर, काहींनी चूक, आणि एकानं सगळं बरोबर करूनही त्याच्या हाती काही लागलं नाही. त्या एकाबद्दल पुढे लिहिणारच आहे, खरं तर त्याच्यासाठीच हा लेख. पण आधी तांबड्या घोड्याची कुळकथा.

अमेरिकन रेसिंगमध्ये क्लेमिंग रेस नावाचा प्रकार असतो. त्यात धावणारा प्रत्येक घोडा विकाऊ असतो, ठरलेल्या किमतीला. ज्याला घ्यायचा असेल त्यानं शर्यतीआधी चिठ्ठी टाकायची. शर्यत सुटली की घोडा त्याचा. मग तो पहिला येवो की शेवटचा, परत देता येत नाही. बक्षिसाची रक्कम मात्र जुन्या मालकाची. सगळ्या मालकांना आपापले घोडे साधारण कुठे बसतात हे कळावं आणि कोणी तगडा घोडा कमकुवतांत घुसवू नये, म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. हलक्या शर्यतीत चांगला घोडा उतरवलात तर जिंकाल, पण घोडा गमवाल.

सप्टेंबर २०२१ मध्ये चर्चिल डाउन्सवरच्या अशाच एका शर्यतीत रिच स्ट्राइकवर किंमत लागली होती ३०,००० डॉलर. मालक होतं कॅल्युमेट फार्म, केंटकी डर्बीत मालक म्हणून सर्वाधिक ८ विजय मिळवलेलं घराणं, आणि हा घोडा त्यांनीच पैदा केलेला. त्याची पहिली शर्यत गवतावर झाली होती आणि सपशेल फसली होती. कॅल्युमेटनं बहुधा विचार केला असेल, काढून टाकू. ट्रेनर एरिक रीड यांनी ओक्लाहोमाच्या रिक डॉसन या मालकासाठी चिठ्ठी टाकली. घोडा या वेळी मातीच्या ट्रॅकवर धावला आणि १७¼ लांबीनं, म्हणजे तेवढ्या घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं, जिंकला. दुसऱ्या क्रमांकाचा घोडा शर्यतीत आहे की नाही अशी शंका यावी एवढं ते अंतर. कॅल्युमेटला बक्षीस मिळालं, डॉसनना घोडा.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुढे ज्यांनी त्याच्यावर डॉलर लावला नाही त्यांच्यासमोरही तो होताच. मातीचा ट्रॅक, चर्चिल डाउन्स, १७ लांबी. सगळं छापून आलेलं. पण त्यानंतरच्या पाच शर्यतींत तो एकही जिंकला नाही. डिसेंबरात न्यू ऑर्लिन्सला गन रनर स्टेक्स या शर्यतीत तो पाचवा आला. ती शर्यत जिंकली एपिसेंटरनं. एपिसेंटर हे नाव लक्षात ठेवा. नंतर रीड यांनी त्याला टर्फवे पार्कवर धाडलं, तिथला ट्रॅक कृत्रिम मिश्रणाचा. तिथे तो कधी तिसरा, कधी चौथा. कृत्रिम ट्रॅकवर मिळालेल्या तिसऱ्या नंबराचं मातीवर काय मोल, हे कोणालाच नीट ठाऊक नसतं, आणि जे ठाऊक नसतं त्यावर लोक पैसे लावत नाहीत. म्हणून मी लोकांना वेड्यात काढणार नाही. आठ महिन्यांपूर्वीचा एक झगमगीत दिवस आणि नंतरचे सगळे मळकट दिवस; आपणही माणसं अशीच तोलतो. मळकट दिवस संख्येनं जास्त असतात, आणि ताजे असतात.

वंशावळीत मात्र एक खूण होती. रिच स्ट्राइकचा बाप कीन आइस. २०१५ मध्ये अमेरिकन फॅरो या घोड्यानं ३७ वर्षांचा दुष्काळ संपवून ट्रिपल क्राउन, म्हणजे डर्बी, प्रीकनेस आणि बेलमॉन्ट या तिन्ही शर्यती एकाच वर्षी, जिंकला. देशभर त्याचा जयजयकार चालू असतानाच ऑगस्टमध्ये साराटोगा रेसकोर्सवरच्या ट्रॅव्हर्स स्टेक्समध्ये त्याला हरवलं ते या कीन आइसनं, तेही शेवटच्या काही टापांत मागून येऊन. साराटोगाची तशी ख्यातीच आहे. मॅन ओ' वॉर हा घोडा २१ शर्यतींपैकी एकच हरला, तो तिथेच, १९१९ मध्ये. सेक्रेटेरिएटला १९७३ मध्ये ओनियन नावाच्या घोड्यानं हरवलं तेही तिथेच. तर ट्रॅव्हर्सचंही अंतर सव्वा मैलच. दमसास राखून मागून येणं हे या घराण्याचं जुनं काम. बापाचं आलंच पाहिजे असा नियम नसतो, पण आलं तर आश्चर्य वाटू नये इतपत आधार तरी होता.

आता एरिक रीड. केंटकीतल्या लेक्सिंग्टनजवळ त्यांची घोड्यांची पागा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये एका रात्री तिथल्या एका तबेल्याला आग लागली. वीज पडली असावी असा अंदाज. २३ घोडे जळून गेले. लाकूड, पेंढा, गवत असलेल्या इमारतीत आग किती झपाट्यानं पसरते याची कल्पना करता येते. आत बांधलेल्या जनावरांची कल्पना करवत नाही. हे सगळं सोडून द्यावं का, असा विचार तेव्हा रीड यांच्या मनात आला होता. त्यांनी सोडलं नाही. डर्बीनंतर प्रत्येक बातमीत ही आग होती, आणि ती अशी मांडली जात होती की जणू आगीची भरपाई म्हणून देवानं डर्बी दिली. मला हा हिशेब पटत नाही. २३ घोड्यांचा जमाखर्च दुसऱ्या कुठल्या घोड्यानं मिटत नाही. त्या आगीचा आणि डर्बीचा संबंध एवढाच की तेव्हा त्यांनी काम थांबवलं असतं तर पाच वर्षांनी ती ३०,००० ची चिठ्ठी कोणी टाकली नसती.

डर्बीत जास्तीत जास्त २० घोडे धावू शकतात. कोणते, ते वर्षभरातल्या ठराविक शर्यतींत मिळवलेल्या गुणांवर ठरतं. रिच स्ट्राइक त्या वीसांत नव्हता. तो राखीव होता: कोणी माघार घेतली तर. माघारीची मुदत शुक्रवारी सकाळी ९ पर्यंत. त्या सकाळी मुदत टळत आली, कोणी हललं नाही, आणि रीड यांच्या माणसांनी आशा सोडली. मग अगदी शेवटच्या क्षणी डी. वेन लुकास या बुजुर्ग ट्रेनरनं आपला इथीरियल रोड काढून घेतला. लुकास यांचं वय तेव्हा ८६, चार डर्बी नावावर. घोडा त्या शर्यतीला पुरेसा तयार नाही असं त्यांना वाटलं आणि त्यांनी तो थांबवला.

या इथीरियल रोडचं मला नेहमी कुतूहल वाटतं. गोष्टीत त्याचं काम फक्त जागा रिकामी करण्याचं. पण दोन आठवड्यांनी प्रीकनेसच्या दिवशी पिम्लिकोला सर बार्टन स्टेक्स त्यानं जिंकली. आणि ज्या शुक्रवारी सकाळी लुकास यांनी डर्बी सोडली, त्याच शुक्रवारी दुपारी त्यांच्या सीक्रेट ओथ या फिलीनं (तरुण घोडीनं) केंटकी ओक्स ही फक्त फिलींची शर्यत जिंकली. म्हणजे त्या म्हाताऱ्यानं काही गमावलं नाही. आपला घोडा ओळखून वागणं हेही कौशल्यच, त्याच्यावर कोणी लेख लिहीत नाही एवढंच.

राखीव घोड्याला क्रमांक मिळाला होता २१, आणि तो तसाच राहिला. वीस घोड्यांच्या शर्यतीत २१ नंबरचं कापड पाठीवर टाकून तो उभा होता, स्टार्टिंग गेटच्या सगळ्यात बाहेरच्या, विसाव्या कप्प्यात. वर बसला होता सोनी लिओन, मूळचा व्हेनेझुएलाचा. ओहायोमधल्या लहान ट्रॅकवर तो रोज घोडे पळवायचा, जिथे बक्षिसं लहान, प्रेक्षक मोजके आणि घोडे थकलेले. अशा ठिकाणी रोज अर्धा डझन घोड्यांवर बसणाऱ्या माणसाला एक विद्या फुकट मिळते: गर्दीत फट कुठे पडणार हे ओळखण्याची. मोठ्या ट्रॅकवरच्या मोठ्या जॉकीला बहुतेक वेळा घोडाच एवढा तगडा मिळतो की तो बाहेरून मोकळा नेला तरी चालतं.

शर्यत सुटली. इथून पुढे वरच्या चित्रणात मी दर वेळी वेगळा घोडा धरून बघतो.

आधी समर इज टुमॉरो. हा दुबईहून आला होता. ट्रेनर भूपत सीमार, मूळचे भारतीय. घोडा गेटमधून सुटला तो बाण सुटावा तसा. पहिला पाव मैल २१.७८ सेकंदांत. डर्बीच्या इतिहासात एवढ्या वेगानं पहिला पाव मैल कोणी कापला नव्हता. अर्धा मैल ४५.३६. त्याच्या बरोबरीनं जपानचा क्राउन प्राइड. सव्वा मैलाच्या शर्यतीत हा वेग म्हणजे महिन्याचा पगार पहिल्या आठवड्यात उडवणं. त्यांच्या मागोमाग जे जे लागले त्या सगळ्यांनी आपला दम तिथेच खर्चून टाकला. समर इज टुमॉरो शेवटचा आला. त्याला दोष द्यायचा तर द्या, पण त्याच्याशिवाय ही गोष्ट घडली नसती. रिच स्ट्राइकच्या विजयात पहिला हात दुबईच्या या घोड्याचा. त्याचा फोटो कुठे छापून आला नाही.

मग लिओन. सुटताक्षणी सगळ्यात बाहेर असलेला हा माणूस पहिलं वळण येईपर्यंत घोडा आत आत सरकवत कठड्याजवळ आणतो. घाई नाही. त्याच्या पुढे १७ घोडे. वळणावर आतल्या बाजूनं गेलं की अंतर कमी पडतं हे शाळकरी गणित आहे, पण वीस घोड्यांत आत जाणं म्हणजे कोंडून घेणंही असतं. पुढचा घोडा दमला की तो भिंतीसारखा उभा राहतो आणि तुम्ही त्याच्या मागे. म्हणून तगड्या घोड्यांचे जॉकी आत जायला बिचकतात. लिओनकडे गमावण्यासारखं काही नव्हतं म्हणून तो गेला, असं म्हणतात. मला वाटतं तो गेला कारण त्याला तिथलं काम येत होतं. शेवटच्या वळणावर बघा: घोडा एकेकाला मागे टाकत आतून वर सरकतोय, दमलेल्यांच्या मधून वाट काढतोय. सरळ टप्प्यात आल्यावर समोर मेसियर नावाचा घोडा येतो, पूर्ण दमलेला, कठड्यालगत. इथे थांबला असता तर चौथा-पाचवा आला असता आणि तेवढ्यावरही रीड खूश झाले असते. लिओन त्याला बाहेरून वळसा घालतो आणि लगेच पुन्हा आत, कठड्याला. हे सगळं ताशी ६० किलोमीटरच्या आसपासच्या वेगात, काही सेकंदांत. घोड्याची चाल जराही तुटत नाही. लगाम किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे, बस्स. मी ते तुकड्या-तुकड्यानं थांबवून पाहिलं आहे. त्यात चमत्कार म्हणावं असं काही सापडत नाही, सापडतो तो एक कारागीर.

आणि आता एपिसेंटर.

एपिसेंटर शर्यत सुटताना लोकांचा फेव्हरिट होता, ४ ला १. ट्रेनर स्टीव्ह ॲस्मुसेन. हे गृहस्थ उत्तर अमेरिकेत सर्वाधिक शर्यती जिंकलेले ट्रेनर. तो विक्रम त्यांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये केला. तोवर साडेनऊ हजारांहून जास्त विजय, आणि त्यात केंटकी डर्बी एकही नव्हती. दुसरा नंबर मिळाला होता. वर्षानुवर्षं घोडे येत गेले, डर्बी दुसऱ्याच कोणाकडे जात राहिली. या वेळी तर घोडा, जॉकी, तयारी, सगळं जुळून आलेलं.

वरच्या चित्रणात ३ नंबर शोधा. जॉकी होएल रोसारिओ त्याला त्या वेड्या वेगापासून लांब ठेवतो, सातव्या-आठव्या जागी. बरोबर केलं. वळणावर त्याला बाहेर मोकळ्यात काढतो. बरोबर. सरळ टप्पा लागताना आघाडी घेतो. तेही बरोबर. उजवीकडून झँडन येतो, शर्यतीतला दुसरा तगडा घोडा. दोघं एकमेकांना भिडतात. आता हे दोघंच, असं अख्ख्या मैदानाला वाटतं, निवेदकाला वाटतं, आणि रोसारिओलाही वाटलं तर त्यात नवल नाही. एपिसेंटर झँडनला हटवतो. ज्या एका घोड्याला हरवायचं होतं त्याला त्यानं हरवलेलं आहे. धोका उजवीकडून येणार होता आणि उजवीकडचा धोका संपलेला आहे.

डावीकडे, आत, कठड्यालगत २१ नंबर.

निवेदकाच्या तोंडी रिच स्ट्राइकचं नाव आलं तेव्हा विजयाचा खांब समोर होता. पाऊण लांबीनं शर्यत गेली. वेळ २ मिनिटं २.६१ सेकंद. पॅडॉकमध्ये (घोड्यांवर खोगीर चढवतात त्या जागी) पडद्यावर शर्यत बघत उभे असलेले एरिक रीड आनंदाच्या भरात कोसळलेच, माणसांनी त्यांना धरलं. २ डॉलरच्या तिकिटावर १६३.६० डॉलर. पहिले चार घोडे क्रमानं ओळखणाऱ्यांना १ डॉलरवर ३,२१,५०० डॉलरहून जास्त. (असं तिकीट काढणारा माणूस कोणत्या तर्कानं काढतो, हे मला कोणी तरी एकदा समजावून सांगावं.)

एपिसेंटरनं त्या दोन मिनिटांत चुकवलं असं काही मला दाखवता येत नाही. फार तर, दुसऱ्या कोणी म्हणेल, आघाडी अंमळ लवकर घेतली. पण झँडन मागावर असताना कोण थांबेल? तो हरला, कारण त्याच्या आटोक्याबाहेरच्या तीन-चार गोष्टी एका रांगेत येऊन उभ्या राहिल्या. दुबईच्या घोड्याचा वेग, एका म्हाताऱ्याची माघार, कठड्यालगत पडलेली फट, आणि ती फट ओळखणारा एक जॉकी. छोट्यानं मोठ्याला हरवलं की आपण सगळे छोट्याकडून असतो. असावंच. पण त्या मोठ्यानंही वर्षभर पहाटे उठून तेवढंच केलेलं असतं, आणि त्याच्या हरण्याला आपण उद्दामपणाची शिक्षा समजतो, जी ती नसते. कशाबद्दल शिक्षा? चांगला घोडा असल्याबद्दल?

बाकी विजेत्याचं शर्यतीनंतरचं वागणंही फारसं कथानायकाला शोभेसं नव्हतं. विजेत्या घोड्याला सोबत करायला दुसऱ्या घोड्यावर बसून एक माणूस येतो. रिच स्ट्राइकनं त्या घोड्याला चावायला सुरुवात केली. मान वळवून, दात काढून, पुन्हा पुन्हा, आणि स्वारालाही सोडलं नाही. लगाम धरून त्याला आवरता आवरता त्या माणसाची पुरेवाट झाली, त्यानं घोड्याला ठोसेही लगावले, आणि त्यावरून लोकांत दोन तट पडले. मला स्वतःला तो चावरा घोडा आवडला. सगळं जग त्याच्यावर कृतज्ञतेच्या, नम्रतेच्या गोष्टी चढवायला निघालं होतं आणि तो आपला अजून शर्यतीतच होता.

पुढचं थोडक्यात. रीड यांनी त्याला प्रीकनेसमध्ये उतरवलं नाही, त्यामुळे ट्रिपल क्राउनचा विषय तिथेच संपला. बेलमॉन्टला तो सहावा आला. ऑगस्टात साराटोगाच्या ट्रॅव्हर्समध्ये चौथा. त्याच्या बापानं अमेरिकन फॅरोला हरवलं ती ही शर्यत. या वेळी ती जिंकली एपिसेंटरनं, आणि सहज जिंकली. नोव्हेंबरात ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये फ्लाइटलाइन नावाच्या अफाट घोड्यानं सगळ्यांना मागे टाकलं. रिच स्ट्राइक तिथेही चौथा. त्याच शर्यतीत एपिसेंटरच्या पायाला दुखापत झाली, त्याला मध्येच थांबवावं लागलं. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, धावणं संपलं. त्या वर्षीचा सर्वोत्तम तीन वर्षांचा घोडा म्हणून निवड झाली ती एपिसेंटरची. डर्बी ज्यानं जिंकली त्याची नाही. मला तो निर्णय न्याय्य वाटतो, आणि तरीही डर्बी रिच स्ट्राइकचीच होती, हेही तितकंच. दोन्ही एकाच वेळी खरं असायला अडचण काय आहे?

डर्बीनंतर रिच स्ट्राइक एकही शर्यत जिंकला नाही.

माझा एक मित्र रेसचा जुना शौकीन आहे. त्याच्याशी या विषयावर माझं ठरलेलं भांडण असतं.

"अरे, फ्लूक होता तो," तो म्हणतो. "पुढे एक तरी जिंकला का?"

"नाही."

"मग?"

मग मी त्याला पहिल्या पाव मैलाचा वेग सांगतो, लिओनचा वळसा सांगतो, १७ लांबी सांगतो. तो म्हणतो, "हे सगळं तू शर्यत झाल्यावर सांगतोयस." यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण ते खरं आहे. आदल्या दिवशी हे सगळं जोडून दाखवणारा माणूस ८० चा भाव होऊ देत नसतो. पण झाल्यावर बघून शिकण्यात काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही. वरच्या कॅमेऱ्याचं चित्रण काय शर्यतीआधी मिळतं?

एकदा मी वेगळा डाव टाकला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चर्चिल डाउन्सवर लुकास क्लासिक झाली. डर्बीच्या आदल्या सकाळी ज्यांनी जागा मोकळी करून दिली त्याच लुकास यांच्या नावानं असलेली ही शर्यत. तिथे रिच स्ट्राइकसमोर होता हॉट रॉड चार्ली, वयानं मोठा, त्याच वर्षी दुबई वर्ल्ड कपमध्ये दुसरा आलेला. या वेळी आघाडीवर कोणी वेड्यासारखं पळालं नव्हतं, कठड्यालगत आयती फट नव्हती. दोघं शेवटच्या सरळ टप्प्यात एकमेकांना घासत आले, कोणी मागे हटेना, आणि हॉट रॉड चार्ली फक्त डोक्याएवढ्या अंतरानं जिंकला. फ्लूकवाला घोडा असा लढत नाही, असं माझं म्हणणं. मी मित्राला ते चित्रण पाठवलं आणि खाली लिहिलं, आता बोल.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं: "बघितलं. हरलाच की."